वादळाआधी प्यायचं पाणी: नळाला पाणी यायच्या पाळीच्या आदल्या दिवशीच लाईट गेली तर? (सोलापूर)

जुळ्यातली_सून
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन दिवस वाद चाललाय म्हणून इथे टाकते.

परवापासून आपल्या जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आहे. वादळी वारा आणि वळवाचा पाऊस. आमच्याकडे चार दिवसाआड पाणी येतं. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली हौद, गच्चीवर टाकी आणि मध्ये मोटार. म्हणजे लाईट गेली की हौद भरलेला असूनही आम्ही कोरडे. घरात आम्ही दोघं, सासूबाई (वय 78), सात वर्षांचा मुलगा, आणि बाळंत होऊन माहेरी आलेली नणंद. बाळ दीड महिन्याचं.

नवरा म्हणतो, "आपण सोलापुरात राहतो. आपल्या घरात बारा महिने पाणी साठवलेलंच असतं. आणखी वेगळं काय साठवायचं?" मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाहीये. तर फक्त प्यायचं पाणी वेगळं किती ठेवावं, कशात ठेवावं आणि ते किती दिवस टिकतं?

कडक_भाकरी
पहिला नंबर!! वहिनी, दादा बरोबर बोलतायत. बाकीचं जग वादळ येणार म्हटल्यावर पाणी साठवतं. आपण पाणी येणार म्हटल्यावर वादळासारखे धावतो.

बगळा_हिप्परगा
काय करूलालाव बे सगळे, अजून ढगसुद्धा दिसंना आणि धागा काढला. मागच्या वेळी असाच अलर्ट होता. चार थेंब पडले, अंगणातली धूळपण बसली नाही.

सातरस्ता
@बगळा, चार थेंबवाले अलर्ट मलाही आठवतात. पण 14 ऑक्टोबर 2020 पण आठवतो. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आदल्या दिवशी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं आणि तेलंगणातून सरकत आपल्या डोक्यावर आलं. समुद्र आपल्यापासून केवढा लांब, तरी रात्रभर ढगफुटीसारखा कोसळत होता. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, आणि घरात प्यायला दीड कळशी. दारात उभा राहून पाणी बघत होतो आणि घशाला कोरड. तो दिवस नाही विसरत.

निवृत्त_चावीवाला
सूनबाई, तुम्हाला का पटत नाही ते मी सांगतो. 28 वर्षं नळाला पाणी सोडायच्या चाव्या फिरवल्यात.

तुमच्या घरात पाणी साठवलेलं असतं हे खरं. पण ते कधी भरलेलं असतं? पाळीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पाऊण, तिसऱ्या दिवशी अर्धं, आणि चौथ्या दिवशी पिंपात तांब्या घातला की खाली घासल्याचा आवाज येतो. वादळ काही पाळी विचारून येत नाही. ते पाळीच्या आदल्या संध्याकाळी आलं तर तुमचं साठवलेलं पाणी म्हणजे पिंपाच्या तळाचा गाळ.

आता पुढचं ऐका. शहराचं पाणी येतं कुठून? उजनीची लाइन, भीमेवरचं टाकळी आणि थोडं हिप्परग्याचं तळं. उजनी इथून 110 किलोमीटरच्या आसपास. तिकडं वाऱ्यानं वीज गेली, पंप थांबला, की इकडं पाऊस नसला तरी नळाला बोंब. आणि वीज आली म्हणून लगेच पाणी येत नाही. एवढी लांब लाइन परत भरायची, प्रेशर यायचं, मग पाकणीला शुद्ध होऊन शहरातल्या टाक्या भरायच्या. एक दिवस पंप बंद राहिला की सगळ्या शहराची पाळी एक दिवस पुढं ढकलते. चारचे पाच, पाचचे सहा. नदीला लोंढा आला तर पाणी इतकं गढूळ येतं की तुरटी वाढवावी लागते आणि उपसा कमी करावा लागतो. लोक चावीवाल्याला शिव्या घालतात. चावी फिरवून पाणी येत असतं तर मी आधी माझ्या घरी आणलं नसतं का?

म्हणून रोजच्या वापरातलं साठवण वेगळं आणि वादळाचं वेगळं. दुसऱ्याला हात लावायचा नाही.

जुळ्यातली_सून
काका, अगदी हेच! तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. नवरा म्हणाला, "हं." (आमच्याकडे 'हं' म्हणजे हार मान्य.)

कडक_भाकरी
'हं' ला एवढं हलक्यात घेऊ नका. आमच्याकडे 'हं' नंतर मोठा खर्च निघतो.

अर्धा_डॉक्टर
प्रमाणाबद्दल. जगभर सांगितला जाणारा साधा आकडा म्हणजे माणशी रोज साधारण 4 लिटर, किमान तीन दिवस. यात पिणं आणि थोडा स्वयंपाक आला. आंघोळ, संडास, भांडी यात नाहीत. पण हा आकडा आपल्या मे महिन्याला पुरत नाही. पारा 43 वर असताना आणि पंखा बंद असताना नुसतं बसून माणूस घामाघूम होतो. मी 5 लिटर धरीन.

बाळाला सहा महिने वरचं पाणी द्यायचंच नाही, उकळून गार केलेलंही नाही. पण अंगावर पाजणाऱ्या आईला जास्त पाणी लागतं, तिच्या वाट्याचं मोजताना कंजूषपणा नको. सासूबाईंकडेही लक्ष ठेवा. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा लागते, आणि बऱ्याचदा रात्री उठावं लागू नये म्हणून त्या मुद्दाम कमी पितात.

घरात जुलाबाचं औषध शोधण्यापेक्षा हे लक्षात ठेवा: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

बगळा_हिप्परगा
पाच माणसं गुणिले पाच लिटर गुणिले तीन दिवस = 75 लिटर. तिसऱ्या मजल्यावर. कोण चढवणार?

निवृत्त_चावीवाला
तीन दिवस कमी पडतील, चार धरा. पाळी ढकलली की दोन दिवस जातात, आणि पहिलं आलेलं पाणी गढूळ असेल तर ते प्यायला घेऊ नये, सोडून द्यावं. चढवायचं कशाला? आत्ता टाकीत पाणी आहे ना, घरातल्या नळाखालीच भरा. लाईट जायच्या आधी.

श्रीवर्धनची_माहेरवाशीण
मी आता विजापूर रोडला असते, पण माहेर कोकणात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच बाजूला जमिनीवर आलं. आईकडं विहीर आहे, तुडुंब. पण विजेचे खांब आडवे, त्यामुळे पंप बंद, आणि कित्येक आठवडे तसंच. सगळ्यांनी मोटार बसवल्यावर रहाट काढून टाकले होते. आमच्या वाडीत एकाच घरी रहाट उरला होता. त्या म्हातारीला एरवी सगळे 'जुनाट' म्हणायचे, त्या महिन्यात तिच्या अंगणात रांग होती.

सांगायचं काय, तर हौदाचं झाकण उघडून बादली टाकता येते का हे आत्ताच बघून ठेवा. दोर किती लांब लागतो तेही. ते पाणी वापरायला, प्यायला नाही.

रंगारी_अक्कलकोट_रोड
कशात भरायचं यावर कोणीच बोललं नाही, आणि सोलापुरात नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची आहे.

मी टॉवेल-चादरीच्या धंद्यातला, डाइंगमध्ये आयुष्य गेलं. आमच्याकडे केमिकल निळ्या ड्रममधून आणि पांढऱ्या कॅनमधून येतं. हायड्रोजन पेरॉक्साइड, कॉस्टिक, ॲसिड, रंग पक्का करायची रसायनं. रिकामे झाले की भंगारात जातात, तिथून धुऊन पुसून बाजारात. "शेठ, एकदम क्लीन आहे, वास घेऊन बघा." वास येत नाही म्हणजे स्वच्छ नव्हे. प्लॅस्टिक रसायन शोषून घेतं आणि हळूहळू सोडत राहतं. असा ड्रम झाडांना, बांधकामाला, संडासाला वापरा. प्यायला नको म्हणजे नको. उकळूनही ते जात नाही, औषध टाकूनही जात नाही. उकळल्यानं जंतू मरतात, केमिकल मरत नाही.

नवीन, खाण्याच्या वापराचा कॅन घ्या. तळाला त्रिकोणात 2 किंवा 1 आकडा असतो तो चालतो. तोंड अरुंद, खाली तोटी असली तर उत्तम, कारण हात किंवा तांब्या आत जात नाही. पाणी खराब होतं ते बहुतेक वेळा आपल्याच हातानं.

भवानी_पेठ_वाला
+1. आमच्या शेजारी वर्षानुवर्षं असल्या ड्रममधलं पाणी पीत होते. आता काय सांगायचं.

बाकी आमच्या घरात माग होता तेव्हा मागाशेजारी मातीचा रांजण असायचा, अर्धा वाळूत पुरलेला. आजी तेलुगूत ओरडायची, रांजणात गडवा बुडवला की. तिचा नियम: लांब दांड्याचं ओगराळं फक्त, आणि ते खुंटीला टांगलेलं. तेव्हा हसायचो. आज रंगारी साहेबांनी तेच शास्त्र सांगितलं.

कडक_भाकरी
माझ्या आईचंही तसंच. ती घरी विड्या वळायची. हाताला तंबाखू, म्हणून आम्हाला सक्त ताकीद: पाणी मी काढणार नाही, तुम्ही काढा. आमची भावंडांमधली सगळी भांडणं पाण्यावरून.

स्मार्ट_सोलापूरकर
एवढा कुटाणा कशाला? आरओचे 20 लिटरचे चार जार मागवायचे. 24 तासांत घरपोच. विषय कट.

अर्धा_डॉक्टर
@स्मार्ट, कट नाही होत. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक असतं, नियमाप्रमाणे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम. तेच पाणी साठवल्यावर जंतू वाढू देत नाही. आरओमध्ये हे क्लोरीन निघून जातं. म्हणजे चव गोड, पण पाणी बिनपहाऱ्याचं. आज-उद्या प्यायला झकास, आठवडाभर मे महिन्यात ठेवायला कच्चं. जार किती वेळा आणि कसे धुतात तेही आपण बघत नाही. साठवायला नळाचं ताजं पाणी बरं. घरचं आरओ मशीन लाईट गेल्यावर शोभेची वस्तू.

स्मार्ट_सोलापूरकर
म्हणजे मी 14 हजाराची शोभेची वस्तू घेतली. धन्यवाद डॉक्टर, पूर्ण नाही तरी अर्धे.

नणंदेचा_भाऊ_नाही
आमच्या मोठ्या बहिणीकडे ह्यूस्टनला चक्रीवादळ येणार म्हटलं की बाथटब भरून ठेवतात. आपण का नाही?

बगळा_हिप्परगा
कारण बाथटब नाही. पुढचा प्रश्न.

नणंदेचा_भाऊ_नाही
😀 पण मुद्दा आहे. ते टबातलं पाणी तिकडेही संडासात ओतायला असतं, प्यायला नाही. आपल्याकडे बाथटब नसला तरी गिझर आहे. त्यात 15 ते 25 लिटर पाणी असतं, बंद टाकीत. नळ कोरडे पडले तर गिझरचं बटण बंद करायचं, पाणी गार होऊ द्यायचं आणि काढून उकळून वापरायचं. बहिणीनं दोनदा केलंय. अजून एक, फ्रीजरमध्ये जागा असेल तर बाटल्या पाऊण भरून बर्फ करून ठेवा. लाईट गेल्यावर फ्रीज काही तास गार राहतो, मग वितळून प्यायला.

आशाताई_शेळगी
मी गेले दोन तास वाचतेय आणि माझ्या जिवाची घालमेल होतेय. सगळे भरा भरा म्हणतायत, झाका कोण म्हणणार?

डेंग्यूचा डास गटारात नाही, तुमच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. आम्ही घरोघर कंटेनर तपासतो, तर अळ्या सापडतात त्या नेमक्या 'अडीअडचणीला' म्हणून भरून ठेवलेल्या पिंपात. त्या पिंपाकडे कोणी बघतच नाही ना. झाकण घट्ट नसेल तर जुनं धोतर दुहेरी करून बांधा, फट राहता कामा नये. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, आणि रिकामं केलेलं भांडं आतून घासा. नुसतं ओतलं तर अंडी कडेला चिकटून राहतात.

औषधाचं पण सांगते. आरोग्य केंद्रात मेडिक्लोरची, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या औषधाची, बाटली मिळते. त्यावर लिहिलेलं प्रमाण वाचा, अंदाजे ओतू नका.

कडक_भाकरी
धोतर कशाला, सोलापुरी चादर बांधा. जीआय टॅगवाली साठवण.

रंगारी_अक्कलकोट_रोड
चादर पाणी पिऊन टाकेल बे. टेरी टॉवेल तर एका रात्रीत कॅन रिकामा करेल.

सातरस्ता
अवांतर: पाण्याबरोबर खायचं पण बघा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी. गॅस नको, फ्रीज नको, महिनाभर टिकते. आपल्या पूर्वजांनी वादळाची तयारी करून ठेवलीय.

अर्धा_डॉक्टर
आणि ती खाल्ल्यावर माणशी 8 लिटर पाणी लागतं.

कडक_भाकरी
माझी बदनामी थांबवा.

मास्तर_बाळे
धागा रुळावर आणतो. वादळानंतर पाण्याचा संशय आला तर काय, हा भाग राहिलाय.

गढूळ पाणी असेल तर तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी दुहेरी फडक्यातून गाळा. आपल्याकडे तुरटीवर फार विश्वास आहे. तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. गाळल्यावर उकळा. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे, वीस मिनिटं उकळून गॅस संपवू नका. गॅस नसेल तर बिनवासाचं, बिनरंगाचं साधं ब्लीच, 5 ते 6 टक्केवालं. लिटरला 2 थेंब. म्हणजे 20 लिटरच्या कॅनला 40 थेंब, साधारण 2 मिली. सुईशिवायच्या सिरिंजनं मोजा. ढवळून अर्धा तास थांबा. किंचित क्लोरीनचा वास यायला हवा. नाही आला तर तेवढंच परत टाकून पंधरा मिनिटं थांबा. पाणी थोडं गढूळच राहिलं असेल तर प्रमाण दुप्पट. सुगंधी फरशी क्लीनर म्हणजे ब्लीच नव्हे, कृपया.

पाळीला आलेल्या चांगल्या पाण्यात साठवताना हे काही टाकायची गरज नाही.

भवानी_पेठ_वाला
तांब्याच्या हंड्याचं काय? आमच्याकडे रात्रभर ठेवून पितात.

मास्तर_बाळे
तांब्यात बरेच जंतू मरतात, पण वेळ लागतो आणि पाणी आधीच निवळ हवं. पुराच्या पाण्याला तांब्याचा भरवसा नको. पारदर्शक बाटल्या सहा तास कडक उन्हात ठेवायची पद्धतही चांगली आहे, सोलापूरचं ऊन तर काय, पण वादळात ऊन आणायचं कुठून? ढगाळ असेल तर दोन दिवस ठेवावं लागतं.

पंचगंगेकाठचा
पाहुणा म्हणून लिहितो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या कोल्हापुरात पूर आला तेव्हा उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली. चारी बाजूला नदी आणि नळ कोरडा. टँकरमागे बादली घेऊन पळालोय. एक सांगतो. हौदात पुराचं किंवा गटाराचं पाणी शिरलं असेल तर त्यात औषध टाकून 'चालेल' म्हणू नका. पूर्ण उपसा, भिंती घासा, मग नवीन भरा. आमच्या इमारतीत तसंच पिलं आणि सहा घरांत कावीळ झाली. गरोदर बायकांना ती फार वाईट.

स्मार्ट_सोलापूरकर
उजनीच्या समांतर (दुसऱ्या) जलवाहिनीनं हे सगळं इतिहासजमा होईल.

निवृत्त_चावीवाला
त्या विषयाचा वेगळा धागा काढा बाबा. हा धागा आजच झोपू द्या.

बगळा_हिप्परगा
मला राहवत नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं. माझ्या गावचा हिप्परग्याचा तलाव 1871 चा. आणि 2020 नंतर आपण काय खोदलं? रस्ते. तेही पाइपलाइनसाठी.

सातरस्ता
@बगळा, पहिल्यांदा तुझ्याशी सहमत. कॅलेंडरवर खूण करतो.

जुळ्यातली_सून
सगळ्यांचे आभार. आज केलेलं सांगते. 20 लिटरचे पाच नवीन कॅन आणले, तोटीवाले. त्रिकोणातला 2 बघून घेतला, दुकानदार म्हणाला, "ताई, पहिल्यांदा कोणीतरी उलटा करून बघितला." नळाचं पाणी भरलं, कॅनवर तारीख लिहिली. पलंगाखाली, अंधारात, फिनेल आणि रॉकेलपासून लांब. दर पाळीला एक कॅन काढून वापरायचा आणि तो ताजा भरायचा, म्हणजे वीस-पंचवीस दिवसांत सगळे बदलतात आणि कॅन विसरलाही जात नाही. हौदाचा दोर मोजला. मेडिक्लोर आणलं. नवऱ्यानं न सांगता मेणबत्त्या आणल्या.

बगळा_हिप्परगा
आता वादळ येणार नाही. लिहून घ्या.

जुळ्यातली_सून
(पाच दिवसांनी)

@बगळा, आलं.

संध्याकाळी पाच वाजता काळोख झाला, समोरचं गुलमोहराचं झाड तारांवर पडलं. लाईट 19 तास नव्हती. पाळी होती दुसऱ्या दिवशी सकाळी. ती ढकलली आणि तिसऱ्या दिवशी रात्री पाणी आलं, चहाच्या रंगाचं. काकांचं ऐकून पहिल्या दोन बादल्या संडासात.

हिशेब असा. 100 लिटरपैकी आम्ही प्यायलो साधारण 55. वीस लिटरचा एक कॅन खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना दिला, कारण त्यांच्याकडे फक्त जार होता आणि जारवाल्याचा फोन बंद. एक कॅन वॉचमनच्या घरी. हे गणित मी धरलंच नव्हतं. आपलीच पाच माणसं मोजली होती.

आणि फजिती सांगते. चहाच्या रंगाचं पाणी निवळून, गाळून, मेडिक्लोर टाकून ठेवलं. सासूबाईंनी घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. "दवाखान्याचा वास येतोय." दिवसभर घोटभर प्यायल्या नाहीत. काय करावं?

निवृत्त_चावीवाला
अर्धा तास झाल्यावर ते पाणी दोन-तीन वेळा या भांड्यातून त्या भांड्यात ओता, उंचावरून. मग जाळी झाकून तासभर ठेवा. वास उडतो. पण प्यायच्या वेळीच, साठवलेल्या सगळ्या कॅनला नाही.

जुळ्यातली_सून
केलं. त्यांच्या तांब्याच्या कलशातून दिलं, दोन ग्लास प्यायल्या. वर म्हणाल्या, "हे बघ, हे खरं पाणी."

आशाताई_शेळगी
रिकामे कॅन आतून घासले का?

जुळ्यातली_सून
घासले हो ताई. गच्चीवर उलटे ठेवलेत. उद्या पाळी आहे.